बोलण्यांआधीची बोलणी

१६ जुलै २००१ ची रात्र मला अजून लख्ख आठवते. मुंबईतल्या एका दैनिकात मी तेव्हा रात्रपाळीचा उपसंपादक होतो. आग्र्यात वाजपेयी आणि मुशर्रफ यांच्या शिखर परिषदेचा तो शेवटचा दिवस. पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळ्याची जागा राखून ठेवलेली, बाजूला ताजमहालासमोरचे मुशर्रफ दांपत्याचे छायाचित्र, खाली संयुक्त जाहीरनाम्याच्या मजकुरासाठी मोकळी चौकट. डाक आवृत्तीची वेळ टळत चालली होती आणि वृत्तसंस्थेच्या पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी एकच गोष्ट येत होती : मसुद्यावर चर्चा सुरू आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला मुशर्रफ जाहीरनाम्याविना निघाले आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कारण आमच्याकडे मथळा एकच होता. बोलणी फसली तर काय छापायचे, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केलेला नव्हता.

पुढे अनेक वर्षे मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचत आलो, आणि माझी खात्री होत गेली की त्या रात्री आमच्या कचेरीत जे झाले तेच थोड्या मोठ्या प्रमाणावर आग्र्यात झाले होते. परिषदेचे निमंत्रण गेले ते मे महिन्याच्या अखेरीस. परिषद भरली जुलैच्या मध्यावर. दोन महिन्यांहूनही कमी अवधी. विषयपत्रिका आधी ठरलेली नव्हती. नेते भेटतील, मोकळेपणाने बोलतील आणि त्यातून कागद तयार होईल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात कागद एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात फिरत राहिला. काश्मीर प्रश्नाला मध्यवर्ती म्हणायचे की नाही आणि सीमेपलीकडच्या दहशतवादाचा उल्लेख करायचा की नाही, या दोन शब्दप्रयोगांवर सगळे अडले. त्यातच १६ तारखेच्या सकाळी भारतीय संपादकांबरोबरच्या न्याहारीत मुशर्रफ यांनी आपली बाजू ठासून मांडली आणि ती साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. त्यानंतर दोघांनाही एक पाऊल मागे घेणे अवघड होऊन बसले.

आपल्याकडे लग्नाआधी याद्यांची बैठक होते. मानपान, देणेघेणे, कोणत्या विधीचा खर्च कोणाकडे, जेवणावळी किती, हे सगळे त्या बैठकीत कागदावर येते. ज्या घरांनी ती बैठक टाळली किंवा उरकली, त्यांचे भांडण मांडवात होते आणि ते साऱ्या गावाला ऐकू जाते. राष्ट्राराष्ट्रांच्या बोलण्यांचेही फारसे वेगळे नाही. कॅमेऱ्यांसमोरचे हस्तांदोलन म्हणजे मांडव. खरे काम त्याआधी, बहुधा सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांनी, नकाशे आणि जुन्या फायली पुढ्यात घेऊन केलेले असते. या लेखात मला त्या आधीच्या कामाविषयी लिहायचे आहे. कारण अण्वस्त्रे, सीमावाद आणि शस्त्रविक्री या तिन्ही प्रश्नांवर आपले शेजाऱ्यांशी आणि महासत्तांशी जे काही जमले किंवा फिसकटले, त्याचा उलगडा तिथेच होतो.

आधी जमलेल्या गोष्टीकडे पाहू. दर वर्षी १ जानेवारीला नवी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एकाच वेळी एक छोटासा सोपस्कार पार पडतो. दोन्ही देश आपापल्या अणुप्रतिष्ठानांची यादी एकमेकांच्या हवाली करतात. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत झाला, तेव्हा राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो तिथे उपस्थित होते. अणुभट्ट्या, इंधननिर्मितीचे कारखाने, युरेनियम संपृक्त करणारी आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारी केंद्रे, या सगळ्यांची जागा अक्षांश-रेखांशांसह कळवायची, असे त्यात ठरले. ट्रॉम्बे आणि तारापूर ज्या राज्यात आहेत, त्या राज्याच्या वाचकाला या कराराचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिली यादी दिली-घेतली गेली ती १ जानेवारी १९९२ रोजी. त्यानंतर कारगिलचे युद्ध झाले. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी राहिली. तरी अवघ्या एकोणीस दिवसांनी यादी गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. १ जानेवारी २००९ ला यादी गेली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचे हत्याकांड झाले, मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झाले, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन दोन्हीकडून सुटली, व्यापार, व्हिसा, हवाई मार्ग सगळे बंद झाले. आणि १ जानेवारी २०२६ ला सलग पस्तिसाव्यांदा यादी गेली. दोन देशांमध्ये दुसरे काहीही चालू नसताना एवढी एक गोष्ट चालू आहे.

ही गोष्ट का टिकली? एक तर ती घाईने झालेली नाही. झिया उल हक डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत आले तेव्हा राजीव गांधींशी याबाबत तोंडी सहमती झाली. तिला कागदाचे रूप यायला तीन वर्षे लागली; मध्ये 'ब्रासटॅक्स' सरावावरून १९८६-८७ चा तणाव येऊन गेला. करार अमलात आला २७ जानेवारी १९९१ रोजी आणि पहिली यादी त्यापुढच्या वर्षी. म्हणजे तोंडी शब्दापासून पहिल्या यादीपर्यंत सहा वर्षे. दुसरे असे की, करार अगदी अरुंद आहे. त्यात काश्मीर नाही, मैत्रीची भाषा नाही, इतिहासाचा निवाडा नाही. तिसरे म्हणजे, तो पाळल्याने कोणाचीही मान खाली जात नाही. आणि चौथे, त्याच्या बातमीला वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी मिळतात. हे चौथे कारण लिहिताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते, पण ते खरे आहे.

अणुप्रश्नावरच्या बोलण्यांचे दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला आपण पाच चाचण्या केल्या. महिनाअखेर पाकिस्ताननेही केल्या. निर्बंध आले, ६ जूनला सुरक्षा परिषदेने ११७२ क्रमांकाचा ठराव करून दोघांनाही खडसावले. त्या महिन्यात जसवंतसिंह आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांची बोलणी सुरू झाली, ती सप्टेंबर २००० पर्यंत चालली. सात देशांत, दहा ठिकाणी, चौदा बैठका. अमेरिकेच्या मागण्या ठरलेल्या होत्या : सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर सही करा, अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या स्फोटक द्रव्याचे उत्पादन थांबवा, क्षेपणास्त्रांना आवर घाला, संवेदनशील तंत्रज्ञानाची निर्यात रोखा आणि पाकिस्तानशी बोला.

एवढ्या बैठकांत भारताने यातले नेमके काय दिले, असा हिशेब मांडला तर उत्तर फार छोटे येते. पुढे चाचण्या करणार नाही, हे वाजपेयींनी संसदेत १९९८ च्या मे महिन्यातच स्वेच्छेने जाहीर केलेले होते. निर्यातीवरचे नियंत्रण आपल्यालाही हवेच होते. उरलेल्या मागण्यांवर आपण ऐकत राहिलो, समजावत राहिलो आणि काळ जाऊ दिला. मग १३ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकी सिनेटनेच चाचणीबंदी करार ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला. ज्या करारावर सही करा म्हणून आपल्याला सांगितले जात होते, तो त्यांच्याच घरात नापास झाला! यात दैवाचा भाग होताच. पण दैव त्यालाच उपयोगी पडते ज्याला आपली शेवटची पायरी ठाऊक असते आणि तोवर टेबलावर बसून राहण्याचा धीर असतो. समोरच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाला आपले घर किती साथ देईल, याचा अंदाज बांधणे हाही तयारीचाच भाग.

आपल्याही घराचा अंदाज बांधावा लागतोच. जुलै २००५ मध्ये मनमोहनसिंग आणि बुश यांनी नागरी अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन केले. त्यानंतर कोणत्या अणुभट्ट्या नागरी म्हणून आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायच्या आणि कोणत्या लष्करी म्हणून बाहेर ठेवायच्या, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे सांगितले की, द्रुत प्रजनक अणुभट्ट्या नागरी यादीत घालता येणार नाहीत. सरकारी अधिकाऱ्याने वाटाघाटी चालू असताना असे बोलावे का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण मार्चमध्ये जे विभाजन ठरले, त्यात बावीसपैकी चौदा भट्ट्या नागरी बाजूला गेल्या आणि प्रजनक भट्ट्या बाहेर राहिल्या. टेबलावरच्या मुत्सद्द्याला घरातल्या तज्ज्ञाचा 'नाही' पुष्कळदा 'हो'पेक्षा अधिक उपयोगी पडतो. अट एकच, तो 'नाही' वेळेवर आणि कारणांसह आला पाहिजे.

आता जमिनीच्या वादाकडे वळू. काश्मीरविषयी सगळे लिहितात, म्हणून मी सर क्रीकविषयी लिहितो. कच्छच्या रणात समुद्राला मिळणारी ही ९६ किलोमीटर लांबीची दलदलीची खाडी. हिचे मूळ आपल्या मुंबईत आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात सरपणावरून तंटा लागला, आणि तो मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये एक ठराव केला. त्या ठरावाच्या नवव्या परिच्छेदाप्रमाणे सीमा खाडीच्या पूर्व काठावरून जाते. सोबतच्या नकाशातली हिरवी रेघही तिथेच आहे. पण लगेच पुढच्या दहाव्या परिच्छेदात नौकानयनयोग्य प्रवाहाच्या मध्याचे तत्त्व आले आहे. पाकिस्तान नववा परिच्छेद दाखवतो, आपण दहावा दाखवतो. सचिवालयातल्या कोण्या साहेबाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवल्या आणि दोन अण्वस्त्रधारी देश आजही त्यावर भांडत आहेत.

कच्छच्या रणाचा मोठा वाद मात्र सुटलेला आहे, हे आपण विसरतो. एप्रिल १९६५ मध्ये तिथे लढाई झाली, जूनमध्ये लवाद नेमण्याचे ठरले आणि तीन सदस्यांच्या लवादाने फेब्रुवारी १९६८ मध्ये निवाडा दिला. पाकिस्तानने मागितलेल्या मुलखापैकी सुमारे एक दशांश त्याला मिळाला. आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, तरी सरकारने निवाडा मानला आणि रणाची ती सीमा तेव्हापासून शांत आहे. सर क्रीक त्या लवादाच्या कक्षेबाहेर राहिली म्हणूनच उरली. तिथेही अधिकाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या सर्वेक्षकांनी खाडीची आणि लगतच्या समुद्राची एकत्र मोजणी केली, नकाशांची देवाणघेवाण झाली. याद्यांची बैठक पूर्ण झाली होती. मांडव पडलाच नाही. पाकिस्तानात मुशर्रफ यांची सत्ता डळमळली आणि पुढच्या वर्षी मुंबईवर हल्ला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी भुजला पाकिस्तानला इशारा दिला की, कराचीचा एक रस्ता या खाडीतून जातो. मोजणी झालेल्या खाडीवरून असे इशारे देण्याची पाळी यावी, यात दोन्ही बाजूंचे अपयश आहे.

सियाचीनचा धडा निराळा आहे. १९४९ च्या करारात युद्धबंदी रेषा एका बिंदूपर्यंत आखली आणि तिथून पुढे ती उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत जाते, एवढेच म्हटले. तिथे कोणी जाईल असे कोणाला वाटले नव्हते. एप्रिल १९८४ मध्ये आपले जवान तिथे गेले. जून १९८९ मध्ये सैन्याच्या फेररचनेवर सहमती झाल्याचे इस्लामाबादेतून जाहीर झाले आणि एका दिवसात दोन्ही राजधान्या त्याचा वेगवेगळा अर्थ सांगू लागल्या. त्यानंतरचे घोडे एकाच ठिकाणी अडले आहे : आज कोणाचे सैन्य कुठे आहे, याची नोंद नकाशावर सह्यांनिशी करायची की नाही. आपले लष्कर म्हणते, आधी नोंद, मग माघार. कारगिलनंतर त्यांचा आग्रह चुकीचा कोण म्हणेल? ज्यांनी ते शिखर जपले त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय परराष्ट्र खात्याने तयार केलेला कोणताही मसुदा टिकणारा नाही. तयारी म्हणजे नुसता परक्याशी संवाद नव्हे. साउथ ब्लॉकच्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणे हेसुद्धा पुष्कळदा अवघड असते.

तिसरा प्रश्न शस्त्रविक्रीचा. यातली अडचण अशी की, बोलणी तिसऱ्याच टेबलावर होतात आणि तिथे आपल्याला खुर्ची नसते. एफ-१६ विमानांची कथा पाहा. अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्यावर अमेरिकेने १९८१ मध्ये पाकिस्तानला चाळीस विमाने द्यायचे ठरवले. पुढे आणखी मागणी नोंदवली गेली. रशियन फौजा माघारी गेल्या आणि १९९० च्या ऑक्टोबरात, पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असे प्रमाणपत्र अध्यक्षांना देता येईना, म्हणून प्रेसलर दुरुस्तीखाली मदत थांबली. पाकिस्तानने पैसे भरलेली अठ्ठावीस विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. भरलेले पैसे परत मिळेनात, विमाने मिळेनात, आणि वर ती ठेवण्याचा खर्च. १९९८ च्या डिसेंबरात तडजोड झाली. सुमारे ३२ कोटी ७० लाख डॉलर रोख आणि बाकीच्याच्या भरपाईत गहू वगैरे माल! मार्च २००५ मध्ये मात्र बुश यांनी पाकिस्तानला एफ-१६ देण्याचा मार्ग पुन्हा मोकळा केला आणि त्याच सुमाराला भारताला महासत्ता होण्यास मदत करू, असेही सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या साहित्याला मंजुरी मिळाली.

या सगळ्यात आपण प्रत्येक वेळी निषेध नोंदवला. निषेध नोंदवणे म्हणजे तयारी नव्हे. विमान का विकले जाते, हे समजून घेणे ही तयारी. त्यात कारखान्यांतल्या कामगारांची मते असतात, तळ मिळवण्याची गरज असते, आणि गरज संपली की तत्त्वे आठवतात. शिवाय आता प्रश्नाचे ठिकाणच बदलले आहे. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या काळात पाकिस्तानच्या शस्त्रआयातीत चीनचा वाटा ८१ टक्के होता. वॉशिंग्टनला कितीही पत्रे लिहिली तरी या ८१ टक्क्यांवर परिणाम होणार नाही. त्यासाठी बोलावे लागेल बीजिंगशी, ज्याच्याशी आपला स्वतःचाच हजारो किलोमीटरचा सीमावाद बाकी आहे. म्हणजे अण्वस्त्रे, जमीन आणि शस्त्रे हे तीन वेगळे विषय उरलेले नाहीत. तिन्हींच्या फायली एकत्र वाचणारा माणूस आपल्याकडे असायला हवा.

आणि मग उरतो तयारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग, तो म्हणजे तुम्ही आणि मी. जुलै २००९ मध्ये शर्म अल शेख येथील संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा एक उल्लेख आला आणि आपल्याकडे असे वादळ उठले की, मनमोहनसिंग सरकारला स्वतःच्याच पक्षात साथ मिळेना. जुलै २०१५ मध्ये रशियात उफा येथे मोदी आणि नवाझ शरीफ यांचे निवेदन झाले, त्यात काश्मीरचा उल्लेख नव्हता. वादळ या वेळी पाकिस्तानात उठले आणि ऑगस्टमध्ये ठरलेली राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची बैठक रद्द झाली. एकदा एक शब्द जास्त झाला, एकदा एक शब्द कमी पडला. दोन्ही वेळी सरकारांनी आपल्या लोकांना आधी काही सांगितले नव्हते, आणि आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी निवेदन वाचण्याआधी कोण जिंकले ते ठरवून टाकले होते. बोलण्यांत जय-पराजय शोधायची सवय आम्ही लावली. क्रिकेटच्या सामन्याचा मथळा मुत्सद्देगिरीला चढवला की नेत्याला अनिर्णितही परवडत नाही.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक मुंबईकर विचारील आणि ज्याला विचारण्याचा हक्क आहे. मार्च १९९३ चे स्फोट पाहिलेल्या, २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे तीन दिवस घरात कोंडून काढलेल्या शहराने बोलण्यांची तयारी कशासाठी करायची? दहशतवाद आणि चर्चा एकत्र चालणार नाहीत, ही सरकारची भूमिका आहे. पहलगामनंतर सिंधू पाणीवाटप करार आपण स्थगित ठेवला, तर सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क आपल्याला असल्याचे पाकिस्तानने म्हटले. उद्या सकाळी बोलणी सुरू करा, असे मी म्हणत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना असा उपदेश करण्याचा मला अधिकारही नाही.

पण बोलणे आणि बोलण्याची तयारी या दोन गोष्टी आहेत. बोलणी केव्हा लागतील हे आपल्या हातात असतेच असे नाही. १० मे २०२५ च्या दुपारी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि चार दिवसांचा संघर्ष थांबला. तो फोन लागला, कारण ती तार आधीपासून जोडलेली होती. ज्या तारा जोडलेल्या नाहीत त्यांचे काय? क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचे १९९९ मध्ये लाहोरला ठरले आणि २००५ मध्ये त्याचा रीतसर करार झाला, पण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. आपण चूक मान्य केली, चौकशी केली, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. सुदैवाने त्यावर स्फोटके नव्हती आणि ते दिवस शांततेचे होते. हेच मे २०२५ मध्ये घडले असते तर? क्रूझ क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा त्या करारात समावेश कसा करायचा, याचा मसुदा कोणी तरी आज लिहून ठेवायला हवा. असा मसुदा लिहिण्यासाठी पाकिस्तानवर विश्वास ठेवावा लागत नाही. करार विश्वास नसतो म्हणूनच करायचे असतात.

काही वर्षांपूर्वी मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथले तरुण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुजरातच्या बंदरांत खलाशी म्हणून जातात. हंगामाची उचल घेतात आणि दुसऱ्याच्या बोटीवर समुद्रात उतरतात. सर क्रीकच्या तोंडाशी समुद्रात रेघ आखलेली नाही. जाळ्यात मासळी येते आणि मागून पाकिस्तानी गस्ती नौका येते. एका घरातला कर्ता मुलगा कराचीच्या तुरुंगात होता. त्याच्या आईने मला पाणी दिले आणि मी वर्तमानपत्रातला आहे हे कळल्यावर एवढेच विचारले, "दादा, जानेवारीच्या यादीत त्याचं नाव आहे का, तेवढं बघून सांगाल?"

मला तेव्हा कळले की, १ जानेवारीला अणुकेंद्रांबरोबर आणखी एक यादी जाते. २००८ च्या करारानुसार एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, दिली जाते. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ भारतीय मच्छीमार दाखवले होते. आपल्याही तुरुंगांत त्यांचे मच्छीमार असतात. यादीत नाव असणे म्हणजे सुटका नव्हे. पण यादीत नाव नसेल तर तो माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो.

मी मुंबईला परतल्यावर चौकशी केली. नाव होते. पाड्यावर फोन असलेल्या दुकानदारामार्फत निरोप पाठवला. त्या बाईला अणुधोरण ठाऊक नव्हते, १९१४ चा ठराव ठाऊक नव्हता, एफ-१६ ठाऊक नव्हते. पण दोन वैरी सरकारांतल्या कोणा तरी दोन कारकुनांनी एक कागद नीट तयार केला, वेळेवर पाठवला, म्हणून तिच्या मुलाचे नाव तिच्यापर्यंत पोचले, एवढे तिला समजले होते. पुढच्या वेळी आग्र्यासारखी रात्र येईल तेव्हा मथळा काय द्यायचा ते संपादक बघतील. त्या रात्रीसाठीचे कागद मात्र आजच लिहायला घेतले पाहिजेत.